रात्रीचं पाणी तिचं

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी म्हण आहे. माझ्याकडे पाणघोडा धाडला गेला, आणि धाडणारा माझा सख्खा धाकटा भाऊ.

मी सोलापुरात राहते आणि शेतकऱ्यांना बोअर कुठं मारायचा ते सांगते. यंत्र लावून, रीतसर. वीस वर्षं झाली. त्यातली निम्मी वर्षं 'इथं पाणी नाही' हे एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडांना सांगण्यात गेली. मोहोळपासून केमपर्यंत मला बघून कुणाला आनंद झाल्याचं आठवत नाही. माझा भाऊ बापू बोअरच्या गाडीवर ऑपरेटर आहे. तीन वर्षांपूर्वी एका ठेकेदाराची गाडी जहाजानं पश्चिम आफ्रिकेत गेली, तिच्याबरोबर हाही लायबेरियाला गेला. तिकडच्या खेड्यांत हातपंप बसवायचं काम.

गेल्या वर्षी त्यानं जंगलाकडेच्या एका गावाचे फोटो पाठवले. 'आक्का, पॉइंट सांग.' मी फोटो बघितले. दाट झाडी, ओढा, आणि झाडीतून ओढ्याकडं उतरणारी एक वाट, जनावरांच्या पायांनी घोटून गुळगुळीत झालेली. आमच्याकडे हे शिकवावं लागत नाही. उंबर, वारूळ आणि जनावरांची वाट बघायची, पाणी तिथंच. मी त्या वाटेच्या तोंडाशी फोटोवर लाल टिंब केलं आणि परत पाठवलं. दोन दिवसांनी बापूचा फोन आला, भरपूर पाणी लागलं. माझ्या टिंबावर भरपूर पाणी लागायची ही आयुष्यातल्या मोजक्या वेळांपैकी एक. मी शेजारणीला पेढे दिले.

मग यंदा दिवाळीनंतर पुन्हा फोन आला.

"आक्का, तुज्या पॉइंटला पाणी हाय की, पर ते जनावर गेलं म्हणत्यात."

"कुठलं जनावर?"

"ती वाट ज्याची हुती ते. बुटका पाणघोडा. हितले राखणदार लई नाराज हायती. लई दुर्मिळ असतंय म्हणं."

मी दोन-तीन आठवडे वाचत बसले. पिग्मी पाणघोडा रानात जगातल्या चारच देशांत उरलाय, त्यातले सगळ्यात जास्त लायबेरियात. दोन-अडीच हजार असतील असा अंदाज सांगतात, पण मोजणार कोण, ते दिसतच नाही. एकटं राहतं. दिवसा ओढ्याच्या काठाला मुळांखाली, कपारीत दडून बसतं आणि अंधार पडला की ठरलेल्या वाटांनी चरायला निघतं. वाट ठरलेली, पाणी ठरलेलं. आणि त्या ठरलेल्या वाटेवर मी सोलापुरात बसून टिंब ठेवलं होतं. जिथं पावलोपावली पाणी आहे तिथं जनावराच्या मागं पाणी शोधायचं कारणच नव्हतं. ही चूक दुष्काळी माणूसच करू जाणे.

रजा कुणाकडे मागायची नव्हती, कारण धंदा माझाच. नवरा म्हणाला, "जाऊन काय करणार तू?" मला ठाऊक नव्हतं. नुसतं बघून यायचं होतं, आणि खरं सांगायचं तर सोलापूरचा कंटाळा आला होता.

जाणाऱ्यांसाठी कामाचं आधी सांगते. पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, ती ठरावीक सरकारी केंद्रांतच मिळते, आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टपेक्षा जपायचं. मलेरियाच्या गोळ्या निघण्याआधीपासून सुरू. डॉलरच्या नोटा स्वच्छ न्या, कोपरा फाटलेली नोट तिकडं कुणी घेत नाही. तिकीट जाऊन-येऊन लाखाच्या वर गेलं, ते मी नव्या यंत्रासाठी ठेवलेल्या पैशातून काढलं. डिसेंबर ते मार्च या कोरड्या दिवसांतच जा, बाकी महिन्यांत रस्ते वाहून गेलेले असतात. आणि शेंगाची चटणी न्या. मी किलोभर नेली, कडक भाकरीची चवड नेली आणि भेट द्यायला म्हणून आपले सहा टॉवेल. सोलापूरची बाई दुसरं काय नेणार.

मुंबईहून अदिस अबाबा, तिथं सहा तास खुर्चीत ताटकळत बसणं, मग मनरोव्हिया. उतरले तेव्हा पाय सुजून चपलेत मावत नव्हते. बापू बाहेर उभा होता. तीन वर्षांत केस गेलेत त्याचे. पाया पडला आणि पहिल्यांदा चटणीची पिशवी घेतली.

मनरोव्हियात पिवळ्या तीनचाकी रिक्षा बघून जरा घरी आल्यासारखं वाटलं. 'केके' म्हणतात त्यांना. आवाज थेट सोलापूरच्या पार्क चौकातला. त्यापुढं मात्र घरचं काही नाही. एक दिवस बऱ्यापैकी रस्ता, मुक्काम झ्वेड्रूला, दुसऱ्या दिवशी नुसती लाल माती. पुढच्या ट्रकची धूळ आपल्या जिपेत, आपली मागच्याच्या. संध्याकाळी नाक शिंकरलं तर रुमालावर कुंकू. रस्त्याकडेला भात आणि कसाव्याच्या पाल्याची भाजी मिळते, पामतेलात शिजवलेली, चवीला झणझणीत. शाकाहारी असाल तर आधी विचारा, कारण तळाशी मासा असतोच. मी दोन दिवस भात, तळलेली केळी आणि चटणी यांवर काढले. बापूनं मासा खाल्ला आणि वर माझी चटणीही.

गावाचं नाव मी लिहीत नाही. सापो नावाच्या मोठ्या जंगलाच्या आसपास आहे एवढं पुरे. दुर्मिळ जनावराच्या वाटेवर एकदा टिंब ठेवून झालं, आता त्याचा पत्ता इंटरनेटवर टाकायचा शहाणपणा नको.

गावात गेल्यावर पहिल्यांदा पाहुण्याला कोला नावाच्या फळाची बी देतात, तिखटाबरोबर. कच्ची सुपारी चावल्यासारखी कडू लागते, पण थुंकायची नाही. ती खाल्ली की तुम्ही बोलायला पात्र. देणाऱ्या होत्या ओल्ड मा मार्था. वयस्क बाईला तिकडं मानानं 'ओल्ड मा' म्हणतात. साठीच्या पुढच्या, उंच, आणि गावातल्या बायका त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. त्यांनी माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं आणि बापूला त्यांच्या इंग्रजीत विचारलं, "पाणी शोधणारी बहीण हीच का?" बापू हो म्हणाला. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. पंप आल्यापासून पोरांची पोटं बिघडायची थांबलीत म्हणाल्या. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की काय सांगू. मी आभार मानून घ्यायला आलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोझेसबरोबर निघालो. मोझेस जंगलाचा राखणदार, पन्नाशीचा. तरुणपणी शिकारी होता. 'वॉटर काऊ', म्हणजे पाण्याची गाय, असं तो त्या पाणघोड्याला म्हणतो, आणि पूर्वी तिचं मटण खाल्लंय हेही लपवत नाही. चांगलं लागतं म्हणाला. आता मात्र तिच्या वाटांवर कॅमेरे बांधत फिरतो. समोरून काही गेलं की ते आपोआप फोटो काढतात.

तीन तास चाललो. मला धाप लागली, गुडघा बोलायला लागला, घामाला वाळायची सोयच नाही. ज्यांना वाटतं की आफ्रिकेत गेलं की जीपमधून जनावरं दिसतात, त्यांनी इकडं येऊ नये. इथं दिसतं ते झाडीतलं बोगद्यासारखं भोक, माझ्या कमरेएवढं उंच. पाणघोडीची उंची तेवढीच. वजन पाव टनाच्या आसपास. वाटेत एके ठिकाणी पानांवर शिंतोडे वाळले होते. मोझेस म्हणाला, शेण टाकताना ती शेपूट फिरवून ते पानांवर उडवते, ही तिची खूण. मी वाकून बघितलं. जुनं होतं, बोट लावलं की भुगा.

"आमची म्हातारी माणसं सांगायची," मोझेस म्हणाला, "रात्री ती तोंडात हिरा धरून चालते, उजेडासाठी. पहाट झाली की लपवते."

"कुणाला सापडला का?"

"सापडला असता तर मी इथं डास मारत फिरलो असतो का?"

त्यानं फोनवर जुने फोटो दाखवले. आपल्या पंपाच्या आधीचे. काळी, गुळगुळीत, ओली पाठ, आणि मागं तसंच छोटं पिल्लू. एका वेळी एकच पिल्लू होतं. आई त्याला झाडीत दडवून चरायला जाते आणि पाजायला परत येते. कातडी पातळ असते, पाण्यापासून लांब राहिली तर सुकते. म्हणून ओढा सुटत नाही. फोटो पुढं सरकवले तसे बायका दिसायला लागल्या. बादल्या, टॉर्च, कपड्यांचे ढीग, नाचणारी पोरं. मग नुसत्या बायकाच. आई आणि पिल्लू पंप बसल्यानंतर आठवडाभरात दोनदा दिसली होती, मग नाही.

"मेली?" मी विचारलं.

"ठाऊक नाही. वरच्या अंगाला सरकली असेल. पण वरच्या अंगाला सोनं खणणारे बसलेत. तिला खाली यायला वाट पाहिजे."

फिरून गावाच्या कडेला पंपाशी आलो. माझं लाल टिंब तिथं सिमेंटचा ओटा होऊन बसलं होतं. वाट त्याच्या अंगावरच उतरत होती. साबणाचं पाणी पांढरं होऊन थेट ओढ्यात चाललेलं. पंप उखडून दुसरीकडं न्या असं सांगायला माझी जीभ वळेना. ज्या पोरांची पोटं बरी झाली ती समोर नाचत होती.

मी ओट्यावर बसून राहिले. थकवा पायांत होता तसा डोक्यातही होता. मग मला आमची विहीर आठवली.

आमची गावाकडची, वैरागची विहीर सामाईक आहे, वडिलांची आणि चुलत्यांची, म्हणजे तात्यांची. पाण्याची पाळी ठरलेली, आम्ही 'बारी' म्हणतो. तीन दिवस आमचे, तीन दिवस तात्यांचे, सातवा दिवस विहिरीचा. ज्याची बारी त्यानं आपला टॉवेल मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीला बांधायचा. टॉवेल असेपर्यंत दुसऱ्यानं बटणाला हात लावायचा नाही. आजोबांपासूनची रीत. चावी नाही, कुलूप नाही, नुसती गाठ.

संध्याकाळी ओल्ड मा मार्थांच्या ओसरीत बसलो. त्या, तीन-चार बायका, मोझेस, बापू आणि मी. मी बोलले, बापूनं त्यांच्या इंग्रजीत सांगितलं. पंप हलवायचा नाही. धुणं ओढ्यापासून लांब, उंचावरच्या खडकावर न्यायचं, सांडपाण्याचा चर ओढ्यापासून फिरवायचा, तो बापू आणि मी उद्या खणून देतो. आणि पाण्याची बारी लावायची. दिवस तुमचा, रात्र तिची. ऊन उतरलं की पंपाच्या दांड्याला टॉवेल बांधायचा. बांधला की सकाळपर्यंत तिकडं कुणी जायचं नाही.

एक बाई हसली. गाईला बारी कशी देणार, ती काय मोजते का? दुसरी हसली नाही. ती म्हणाली, दिवसभर आम्ही शेतावर असतो, पाण्याला वेळ मिळतो तो संध्याकाळीच. मी खरं ते सांगितलं, की होय, त्रास तुम्हालाच होणार, गाईला नाही आणि मला तर नाहीच.

ओल्ड मा मार्थांनी बराच वेळ पाल्याची देठं खुडली. मग विचारलं, "तुमच्याकडं कुणी टॉवेल काढला तर काय होतं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. कारण गोष्ट झालेली होती. नऊ वर्षांपूर्वी तात्या आमच्या दारात आले होते. रात्री तात्यांच्या बारीत बापूनं मोटार चालवली, त्यांची कांद्याची रोपं वाळली, असं म्हणाले. बापू नाही म्हणाला. मी त्याची बाजू घेतली. तात्यांना मी खोटारडे म्हटलं, सगळ्या भावकीसमोर. त्या दिवसापासून तात्या आमच्याशी बोललेले नाहीत. वडील गेले तेव्हा आले, खांदा दिला, आणि पाणीही न पिता गेले. तर मी सांगणार होते की आमच्याकडं कुणी टॉवेल काढत नाही.

बापू माझ्याआधी बोलला, त्यांच्या इंग्रजीत. "मी काढला होता. एकदा. चुलत्याचा."

त्याच्या डोळ्यांत बघायला गेले तर तो जमिनीकडं बघत होता.

"मग?" ओल्ड मा मार्थांनी विचारलं.

"पहाटे परत बांधला. त्यानं ओळखलं. मी नाही म्हणालो. आमचं घर तुटलं." शेवटचं वाक्य मराठीत म्हणाला, मग त्यांना समजावून सांगितलं.

मला राग आला, रडूही आलं, आणि दोन्हींसाठी अंगात ताकद नव्हती. नऊ वर्षं मी ज्याच्यासाठी भांडले तो सात समुद्रापलीकडं, परक्या ओसरीत, परक्या भाषेत कबुली देत होता. घरी मराठीत तोंड उघडलं नाही पठ्ठ्यानं.

ओल्ड मा मार्थांनी देठं बाजूला केली. बापूला म्हणाल्या, "मग कापड तू द्यायचं नाही. बहीण देईल. आणि गाठ मी मारणार, दुसरं कुणी नाही. पाऊस येईपर्यंत करून बघू. बायका कुरकुरल्या तर पुन्हा बसू." एवढंच. मग सगळ्यांना भात वाढला.

पुढचे दोन दिवस चर खणला. तळहाताला फोड आले. बापू आणि मी फावड्याच्या कामापुरतं बोललो. तिसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर ओल्ड मा मार्था माझा पिवळ्या काठाचा टॉवेल घेऊन आल्या. आमच्या घरची गाठ कशी असते ते त्यांनी मला दाखवायला लावलं. तात्या डावरे, ते डावीकडून फिरवून मारतात, ती सहज सुटत नाही. मी तीच दाखवली. का, ते विचारू नका. दोनदा चुकल्या, तिसऱ्यांदा जमली. पोरांना हाकललं आणि आम्ही सगळे मागं न बघता घरी आलो.

मी पाणघोडी बघितली नाही. एवढा खर्च करून, एवढा प्रवास करून काय बघितलं असं विचाराल तर वाळलेलं शेण. जे तिथं जायचं स्वप्न बघतायत त्यांनी हे आधीच मनाशी धरावं. निघताना बापूनं पिशवी जिपेत ठेवली आणि म्हणाला, "आक्का, तात्यास्नी तूच सांग. माज्यानं न्हाय हुणार." मी म्हणाले, "सांगते, पण फोन तू पण करायचास." त्यानं मान हलवली. होकार होता की नकार, धुळीत नीट दिसलं नाही.

परतीचा प्रवास लिहीत नाही. तोच रस्ता, तेच विमानतळ, दुप्पट सुजलेले पाय. घरी येऊन दोन दिवस झोपले. तिसऱ्या दिवशी केमच्या एकाला 'इथं पाणी नाही' सांगून आले. गाडी पुन्हा रुळावर.

वैरागला जायला मात्र मी तीन आठवडे लावले. लायबेरियाला जाणं सोपं होतं. तात्यांच्या अंगणात पाय ठेवला तेव्हा ते बाजेवर बसून तूर निवडत होते. काकू दारात आल्या आणि तिथंच थांबल्या. 'या' कुणी म्हणालं नाही. मी उभ्या उभ्याच सांगितलं.

"तात्या, बापूनंच मोटार चालवली होती. त्यानं कबूल केलं. मी तुम्हाला खोटारडे म्हणाले ते माझं चुकलं."

तात्यांनी सुपातला एक खडा काढून टाकला. "मला ठावं हुतं की. गाठ उजवीकडची हुती."

"मग तेव्हा बोलला का नाहीत, गाठीचं?"

"बोललो असतो तर तू मानलं असतंस व्हय?"

नसतं मानलं. मी खाली बाजेच्या पायाशी टेकले. काहीतरी बोलायचं म्हणून मी त्यांना सगळं सांगितलं, लाल टिंबापासून. बुटकी पाणघोडी, तिची वाट, पंप, बारी, ओल्ड मा मार्था. मोझेस दर रविवारी कॅमेऱ्यातले फोटो पाठवतो. फोन पुढं केला. संध्याकाळचं ऊन, पंपाचा दांडा, त्याला पिवळ्या काठाचा टॉवेल, मागं मोकळी वाट. टॉवेल बांधल्यापासून ऊन उतरल्यावर एकही बाई त्या वाटेवर गेलेली नाही.

तात्यांनी चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ घेतला.

"ही माजी गाठ हाय."

"हो."

"बाईनं चांगली मारलीय." मग त्या मोकळ्या वाटेवर बोट ठेवलं. "आलं का मग ते जनावर?"

"अजून नाही."

"एवढ्यात कशानं यील? बारी मोडली की लवकर कुनी फिरकत न्हाय." त्यांनी फोन परत दिला, सूप उचललं. "गाठ तेवढी सोडू नका म्हनावं."

आणि दाराकडं न बघताच काकूंना म्हणाले, "अगं, पोरगी आलीय, च्या टाक."